ॲनिमेशनचे मूळ सेल चाहत्यांनी विकत घ्यावेत का?

(या चर्चेत प्रत्येकाचे टोपणनाव त्याच्या लिखाणाच्या वर दिले आहे.)

अनुरेखा

युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी दिग्दर्शित केलेला, 1992 साली पूर्ण झालेला भारत-जपान रामायणपट जानेवारी 2025मध्ये 4के प्रतीतून आपल्याकडील चित्रपटगृहांत लागला. तेव्हापासून हाताने रंगवलेल्या ॲनिमेशनचे मूळ सेल कुठे मिळतील, अशी विचारणा आपल्या चाहतेमंडळींत वारंवार होऊ लागली आहे. या खरेदीला माझा विरोध आहे आणि त्याची कारणे येथे मांडते.

सेल म्हणजे चित्रपटातले एकेक चित्र ज्यावर रंगवून कॅमेऱ्याने टिपत, तो पारदर्शक ताव. पुढच्या बाजूने रेषा, मागच्या बाजूने रंग आणि प्रत्येक ताव खुंट्यांवर नेमका त्याच जागी बसावा म्हणून कडेला पाडलेली भोके. अर्ल हर्ड यांनी 1914 साली या पद्धतीच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला आणि पुढची सुमारे आठ दशके बहुतेक व्यावसायिक ॲनिमेशन याच तावांवर उभे राहिले. सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे फितीवरची एकेक स्थिर प्रतिमा, लागतात. जपानी दूरचित्रवाणी मालिकांत एक चित्र बहुधा तीन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला 8 चित्रे झाली. पात्र सतत हलते आहे असे धरले, तर पाच सेकंदांच्या तुकड्यात त्या एका पात्राचे 40 सेल असतात. विक्रेता ते 40 ग्राहकांना विकतो आणि ज्या हालचालीसाठी रंगाऱ्यांनी दिवसरात्र एक केली, तीच नाहीशी होते. भिंतीवर टांगलेला सुटा सेल देखणा दिसतो, परंतु त्याच्या मागचा आणि पुढचा सेल दिसला नाही तर ॲनिमेटरने काय केले ते कळायला मार्ग राहत नाही.

हे आजचेच नाही. 1938पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्व्हाझिए दालनाने डिस्नेचे सेल विकायला सुरुवात केली, तेव्हा कित्येक सेलांतील पात्रे कडेकडेने कापून लाकडाच्या पापुद्र्यावर चिकटवली गेली. त्या पार्श्वभूमीचा चित्रपटाशी काही संबंध नव्हता. खुंट्यांची भोकेही कात्रीखाली गेली, म्हणजे तो सेल कॅमेऱ्याखाली कसा बसला होता याचा पुरावाच गेला.

रीळवाला

अनुरेखाताई, आपण कुर्व्हाझिएचे अर्धेच सांगितलेत. ते दालन नसते तर त्या सेलांचे काय झाले असते? स्टुडिओत सेल धुऊन पुन्हा वापरण्याची रीत होती आणि जे वापरण्याजोगे नव्हते ते फेकले जात. 1955 साली डिस्नेलँड उघडल्यावर तेथल्या दुकानात हेच सेल अवघ्या काही डॉलरांना मिळत, कारण मालकाच्या लेखी त्यांचे काम संपलेले होते. जपानमध्येही चित्रीकरण झाले की सेल कचऱ्याच्या भावाने निघत आणि स्टुडिओच्या दारात येणाऱ्या पोरांना वाटले जात. ती पोरे आज जपानमधल्या जुन्या सेलांची रखवालदार आहेत. त्यांच्यावर ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

सेल चाहत्यांऐवजी संस्थांनी जपावेत असे म्हणाल, तर तेवढा भरवसा ठेवावा असा संस्थांचा इतिहासही नाही. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानी यांनी 1917 साली केलेला चित्रपट जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट मानला जातो. तो निर्मात्याच्याच स्टुडिओला लागलेल्या आगीत गेला. 2003 साली पुण्यातील आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या जुन्या फितीची रिळे जळाली. दादासाहेब फाळक्यांनी 1915च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या हलत्या करून ‘आगकाड्यांची मौज’ केला. त्यातले आज आपल्याला काय पाहायला मिळते? उलट 1917चा ‘नामाकुरा गाताना’ हा चित्रपटगृहात दाखवलेल्या जपानी ॲनिमेशनचा उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत जुना नमुना ओसाकात जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडला आणि 2008 साली जगासमोर आला. कोणीतरी तो घरी ठेवला होता म्हणूनच तो बाजारापर्यंत पोहोचला. विखुरलेले टिकते आणि एकत्र ठेवलेले एका ठिणगीने जाते, असा माझा अनुभवसिद्ध विश्वास आहे.

अनुरेखा

रीळवाला, ओसाकात सापडला तो चित्रपट होता, म्हणजे सगळ्या चौकटी ओळीने असलेली फीत. ती कोणाच्या कपाटात राहिली तरी चित्रांचा क्रम शाबूत राहतो. सेलाच्या बाबतीत विखुरणे म्हणजेच क्रम मोडणे. आपले उदाहरण माझ्या मुद्द्याला उत्तर देत नाही. शिवाय स्टुडिओंनी सेल फेकले हा त्यांचा अपराध आहे. त्याच्या भरपाईसाठी आज सुस्थितीत असलेला संच फोडून विकावा, असे त्यातून निघत नाही.

सिरक्याचा वास

दोघांच्याही नजरेतून सुटलेली एक बाब मांडतो. जुने सेल नायट्रेटचे होते आणि नंतरचे सेल्युलोज ॲसिटेटचे. ॲसिटेट जुने होऊ लागले की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. पेटी उघडताच सिरक्यासारखा वास आला तर समजावे की सेल विघटित होऊ लागला आहे. ही वाफ बाहेर जाऊ दिली नाही तर तीच उरलेल्या तावाला आणखी वेगाने खाते, म्हणून हवाबंद प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला सेल उघड्यावरच्या सेलापेक्षा लवकर वाकतो. रंग तावापासून सुटून त्याचे पापुद्रे निघतात, किंवा मऊ होऊन मागच्या पेन्सिल-चित्राच्या (ज्यावरून सेलावरची रेषा उतरवतात त्या) कागदाला चिकटतो. यंत्राने उमटवलेली रेषा फिकट होत नाहीशी होते आणि रंगाचे सपाट ठिपके तेवढे उरतात.

थंडी, अंधार, कोरडी खेळती हवा आणि आम्ल शोषून घेणारे कागद ही याची निगा आहे. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्याचे चार महिने सेल दिवाणखान्याच्या भिंतीवर काचेत ठेवणाऱ्याने तो जपला, असे मी म्हणणार नाही. तेवढ्यापुरते माझे मत अनुरेखाताईंच्या बाजूने आहे. पण ज्या संस्थेत वातानुकूलन वर्षभर चालत नाही, तिच्या बाजूनेही मी बोलणार नाही.

तिसरी रांग

मला हा सगळा वाद चुकीच्या वस्तूभोवती फिरतो आहे असे वाटते. ॲनिमेशनची कलाकृती पडद्यावर घडते. सेल हे तिच्याकडे जाणारे साधन आहे. आपण हळहळायचे ते चित्रपटांच्या चांगल्या प्रती दाखवल्या जात नाहीत याबद्दल. कित्येक डिजिटल आवृत्त्यांत फितीचे कण पुसण्याच्या नादात पेन्सिलची रेषाही घासली जाते. 1961पासून डिस्नेने पूर्ण लांबीच्या चित्रपटांत पेन्सिलची रेषा झेरॉक्सने थेट सेलावर उमटवायला घेतली, तेव्हापासूनच्या चित्रपटांचे सौंदर्य त्या खरबरीत रेषेत आहे आणि 1963च्या ‘द स्वोर्ड इन द स्टोन’च्या 2013मधील ब्लू-रे आवृत्तीवर नेमकी हीच टीका झाली होती.

रीळवाला

तिसरी रांग, आपल्याच उदाहरणात सेलाची गरज दडलेली आहे. रेषा पुसली गेली हे कशाच्या आधारे सिद्ध करणार? संग्राहकाकडचा सेल समोर ठेवला की मूळ रेषेची जाडी डोळ्यांना दिसते.

तिसरी रांग

रेषेपुरते मान्य आहे, रंगाबाबत मात्र मुळीच नाही. फीत, दिवे आणि कॅमेरा यांतून गेल्यावर रंग कसा दिसेल याच्या चाचण्या घेऊन रंगारी रंग निवडत. सेलावरचा रंग आणि पडद्यावरचा रंग एकच असावा, असा आग्रह धरून केलेली दुरुस्ती मूळ चित्रपटापासून दूरच जाईल. त्यासाठी चांगल्या स्थितीतली जुनी प्रत लागते आणि तिचा खेळ लावणारे चित्रपटगृह लागते.

रीळवाला

अनुरेखाताईंच्या क्रमाच्या मुद्द्यावर एवढेच सांगतो. जपानी सेलाच्या कोपऱ्यात थर आणि अनुक्रम लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ‘ए 5’, म्हणजे ‘ए’ थरातले पाचवे चित्र. जाणते संग्राहक ही खूण, सोबतचे पेन्सिल-चित्र आणि तुकड्याचा क्रमांक यांसह सेलाचे छायाचित्र सर्वांसाठी खुले ठेवतात, त्यामुळे वेगवेगळ्या घरांतील सेल निदान छायाचित्रांत ओळीने लावता येतात. जपानमधल्या निईगाता विद्यापीठात ॲनिमेशनच्या निर्मिती-साहित्याचा जो अभ्यास चालतो, तोही एका दिग्दर्शकाने स्वतःजवळ जपलेल्या साहित्यामुळे शक्य झाला. संस्थेच्या आधी व्यक्ती होती.

अनुरेखा

त्या दिग्दर्शकाने साहित्य एकगठ्ठा ठेवले आणि एकगठ्ठा दिले, म्हणूनच ते अभ्यासाला उपयोगी पडले. माझी मागणी त्याहून निराळी नाही. पूर्ण तुकडा पेन्सिल-चित्रांसह कोणी घेत असेल, कोपऱ्यातली खूण झाकणारी चौकट लावत नसेल आणि छायाचित्रे खुली करत असेल, तर त्या खरेदीला मी विरोध करणार नाही. परंतु चेहरा स्पष्ट दिसतो म्हणून 40 सेलांतला एकच उचलणाऱ्या आणि उरलेले 39 कुठे गेले हे न विचारणाऱ्या ग्राहकामुळेच विक्रेते संच फोडतात, हे माझे म्हणणे कायम आहे.