विद्यार्थी निवासात गुंतवणूक: नऱ्ह्याचा फ्लॅट, हमी भाड्याची खोली की लातूरचा प्लॉट?

अंबाजोगाईकर

नमस्कार. मी आणि माझे यजमान दोघेही शाळेच्या नोकरीतून निवृत्त झालो असून निवृत्तीची रक्कम आणि विकलेल्या जमिनीचे पैसे मिळून आमच्याकडे ५५ लाखांच्या आसपास शिल्लक आहे. आमची दोन्ही मुले पुण्यात कॉट बेसिसवर राहून शिकली. दरवर्षी वाढत गेलेले भाडे, प्रवेशाच्या दिवसांत खोलीसाठी करावी लागलेली वणवण आणि एकेका टू बीएचकेमध्ये दाटीवाटीने राहणारी मुले हे सगळे आम्ही पाहिले आहे. त्यामुळे या व्यवहारात मालकाला बरे उत्पन्न मिळत असावे, असा आमचा समज आहे.

सध्या आमच्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे पुण्याच्या नऱ्हे-आंबेगाव भागात फ्लॅट घेऊन तो विद्यार्थ्यांना देणे. दुसरा असा की, एका खासगी विद्यापीठाजवळ उभ्या राहणाऱ्या इमारतीत एक-एक खोली स्वतंत्रपणे विकली जात असून विकसक पहिली तीन वर्षे ९ टक्के भाड्याची लेखी हमी देत आहे. तिसरा, लातूरमध्ये सासऱ्यांचा एक प्लॉट आहे, त्यावर मुलींचे छोटे वसतिगृह बांधणे. सगळा खर्च जाऊन हातात नेमके काय उरते आणि ही मागणी पुढे टिकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नऱ्हेकर

ताई, मी नऱ्ह्यात मुलींची दोन वसतिगृहे चालवतो, म्हणून पहिल्या पर्यायाविषयी हिशेबानेच सांगतो. समजा ५५ लाखांचा टू बीएचके घेतला आणि त्यात चार विद्यार्थी प्रत्येकी ६,५०० रुपयांनी ठेवले, तर महिन्याला २६,००० रुपये होतात. हे पैसे बारा महिने मिळतील असे धरू नका. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची प्रवेशप्रक्रिया अलीकडे इतकी लांबते की वर्ग भरायला सप्टेंबर उजाडतो, आणि उन्हाळ्यात परीक्षा आटोपली की मुले गाठोडे बांधून घरी जातात. दहा महिन्यांचे भाडे पदरात पडले तरी पुष्कळ झाले. म्हणजे वर्षाला २ लाख ६० हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च ३६,००० रुपये, मालमत्ता कर १५,००० रुपये, वायफाय, स्वच्छतेची बाई आणि पाण्याचा वाटा मिळून ४८,००० रुपये आणि गीझर, गाद्या, नळ, रंग यांची दुरुस्ती २५,००० रुपये वजा केली, तर १ लाख ३६ हजार उरतात. खरेदीच्या वेळी भरलेले ७ टक्के मुद्रांक शुल्क भांडवलात धरले, तर हा परतावा अडीच टक्क्यांच्याही खाली येतो.

स्वतः राहणाऱ्या मालकाला पुणे महापालिका मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते. भाड्याने दिलेल्या फ्लॅटला ती मिळत नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, मात्र ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असा शासनाचा २००१ पासूनचा आदेश आहे. पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती देणे आणि करार नोंदवणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी न करणाऱ्या मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. हे सगळे अंबाजोगाईत बसून निभावणे अवघड आहे. मग स्थानिक माणूस नेमावा लागतो आणि तो एका महिन्याचे भाडे घेऊन जातो.

मागणीचे म्हणाल तर ती आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या महाविद्यालयांवरील प्रवेशक्षमतेची मर्यादा उठवली, त्यामुळे संगणक शाखेच्या जागा वाढल्या आणि मुलेही वाढली. परंतु वाढलेल्या जागा मोठ्या महाविद्यालयांकडे गेल्या. ज्या महाविद्यालयाच्या भरवशावर तुम्ही फ्लॅट घ्याल, त्याच्याच जागा रिकाम्या राहिल्या तर ते फ्लॅटपासून चारशे मीटरवर असण्याचा उपयोग काय? भाडे वाढवण्यालाही मर्यादा आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या समाजकल्याण खात्याच्या स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरातील विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये मंजूर होतात, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये, आणि तेही बहुधा उशिरा हाती येतात. आमच्याकडे येणाऱ्या मराठवाड्यातील बऱ्याच मुलींचे अंदाजपत्रक याच आकड्याभोवती फिरते. जाहिरातींमध्ये दिसणारी १५,००० रुपयांची वातानुकूलित खोली हा निराळा बाजार आहे आणि तो मोठ्या कंपन्यांच्या हातात आहे.

पाण्याचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला. नऱ्हे २०२१ मध्ये महापालिकेत आले, तरी टँकर सुटलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली आणि संशय दूषित पाण्यावर गेला, तेव्हा अनेक पालक मुलांना तडक घरी घेऊन गेले. आता पालक खोली पाहण्याआधी टाकी कधी धुतली ते विचारतात आणि काही जण गच्चीवर जाऊन झाकण उघडून पाहतात. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही, पण दर महिन्याची पाणी तपासणी आणि फिल्टर हा खर्च आता कायमचा झाला आहे.

जमाखर्च

कराच्या बाजूने थोडक्यात लिहितो. फ्लॅट नुसता भाड्याने दिला तर ते घरापासूनचे उत्पन्न ठरते आणि महापालिकेचा कर वजा केल्यानंतर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. जेवण, साफसफाई, रेक्टर अशा सेवा देऊन वसतिगृह चालवले तर ते व्यवसायाचे उत्पन्न मानले जाण्याची शक्यता अधिक. तिथे प्रत्यक्ष खर्च आणि घसारा मिळतो, पण हिशेब काटेकोर ठेवावे लागतात.

जीएसटीचा घोळ २०२२ ते २०२४ या काळात बराच झाला. वसतिगृह म्हणजे निवासी घर नव्हे, असे बेंगळुरूच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०२३ मध्ये म्हटले आणि १२ टक्के कराची टांगती तलवार उभी राहिली. त्याआधीच्या वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने मात्र उलट भूमिका घेतली होती. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५३व्या बैठकीत यातून मार्ग निघाला. प्रतिव्यक्ती महिना २०,००० रुपयांपर्यंतचे भाडे आणि सलग किमान ९० दिवसांचे वास्तव्य असेल तर कर नाही. तुमच्या तिन्ही पर्यायांतील भाडे या मर्यादेत बसेल. तरीही तुम्ही फ्लॅट एखाद्या जीएसटी नोंदणीकृत कंपनीला चालवायला दिला, तर त्या भाड्यावरील १८ टक्के कर कंपनीने भरायचा असतो आणि तो भार ती भाडे ठरवताना तुमच्याकडूनच वसूल करू पाहते.

एक गोष्ट न विचारता सांगतो. आपण दोघेही साठीपुढचे असाल, तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि सध्याचा दर ८.२ टक्के आहे. ५५ लाखांवर वर्षाला साडेचार लाख रुपये, दर तिमाहीला खात्यात जमा. व्याज करपात्र आहे, मुद्दल वाढत नाही आणि मुदत पाच वर्षांची आहे, हे खरे. पण नऱ्हेकरांच्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

शेफील्डवासी

दुसऱ्या पर्यायाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण खोली-खोली विकण्याचा हाच प्रकार इंग्लंडमध्ये होऊन गेला आहे. इथे विद्यार्थी निवास हा मोठ्या गुंतवणूकदारांचा स्थिरावलेला व्यवसाय आहे. युनाइट ग्रुपसारखी कंपनी लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि तिच्या बऱ्याच खाटा विद्यापीठे करार करून आधीच राखून ठेवतात. खाट रिकामी राहिली तर ती चिंता बऱ्याच अंशी विद्यापीठाची असते. हे पाहून काही विकसकांनी लिव्हरपूल, ब्रॅडफर्ड अशा शहरांत वीस-बावीस चौरस मीटरच्या खोल्या परदेशी लोकांना ८ ते १० टक्के भाड्याची हमी देऊन विकल्या. त्यांतल्या कित्येक इमारती अर्धवट राहिल्या. ज्या पूर्ण झाल्या, तिथे हमीची मुदत संपताच भाडे घसरले आणि सुटी खोली विकायला काढली तर अशा खोलीवर बँका सहसा कर्ज देत नसल्याने रोखीने घेणारा गिऱ्हाईकच मिळेना.

हमीच्या गणितातली मेख साधी आहे. समजा खोलीची वाजवी किंमत २२ लाख असताना ती ३० लाखांना विकली. ३० लाखांच्या ९ टक्क्यांनी तीन वर्षांत ८ लाख १० हजार तुमच्या हाती येतात. म्हणजे तुमचेच जादाचे पैसे तुम्हाला हप्त्याहप्त्याने परत मिळतात आणि तेवढ्यावर आयकरही तुम्ही भरता. म्हणून विकसकाला दोन प्रश्न विचारावेत. हमी कोणती कंपनी देते आणि तिच्या ताळेबंदात काय आहे? आणि त्याच परिसरात हमीशिवाय तेवढीच खोली काय भावाने मिळते? महारेरा नोंदणी प्रकल्प पुरा करण्याशी संबंधित आहे; भाड्याच्या वेगळ्या कराराला तिचे कवच आहे असे समजू नये.

मोठ्यांचा धंदाही बिनघोर नाही. जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या नव्हे तर वर्गात शिकवल्या जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणण्यास ब्रिटनने बंदी घातली आणि परदेशी विद्यार्थ्यांवर विसंबलेल्या मधल्या फळीतील विद्यापीठांभोवतीच्या खाटा भरेनाशा झाल्या. सरकारच्या एका निर्णयाने मागणी हलते, हे भारतातही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गंजगोलाई

लातूरचे मी सांगतो. अकरावी-बारावी आणि नीटच्या तयारीसाठी नांदेड, बीड, परभणी, धाराशिवकडून मुले-मुली इथे येतात आणि मुलींच्या वसतिगृहाला आजही मागणी आहे. प्लॉट घरचा असल्याने जमिनीचे पैसे वाचतात. तीन हजार चौरस फूट बांधकामाला दोन हजार रुपयांच्या आतबाहेर दर धरला तर तुमची रक्कम जवळपास त्यातच संपेल आणि चोवीस मुलींची सोय होईल. मेस सोडून ३,५०० रुपये भाडे दहा महिने मिळाले, तर ८ लाख ४० हजार होतात. रेक्टर, रात्रीचा वॉचमन, लाइट बिल, पाणी आणि दुरुस्तीला त्यातले जवळपास निम्मे जातात. तरी उरणारी रक्कम फ्लॅटपेक्षा खूपच बरी आहे.

मात्र कोटा शहराकडे पाहून पाऊल उचलावे. तिथे कोरल पार्कसारख्या भागात कर्ज काढून वसतिगृहे उभी राहिली आणि २०२४ पर्यंत विद्यार्थ्यांची संख्या निम्म्याच्या आसपास आल्याच्या बातम्या आल्या. कोचिंगवाल्यांनी गावोगावी शाखा काढल्या, विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांमुळे पालक धास्तावले आणि सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये अशी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०२४ मध्ये आली. पंधरा हजारांच्या खोल्या निम्म्या दराने जाऊ लागल्या, हप्ते मात्र तेवढेच राहिले. लातूरही एकाच परीक्षेवर उभे आहे. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये शिकवण्या वाढल्या की तिथली मुले घरीच राहतात. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, वेळापत्रक लांबले आणि जूनचे भाडे बुडाल्याची तक्रार आमच्याकडे सर्रास ऐकू आली.

पाणी इथेही आहेच. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. चोवीस मुलींना लागणारे पाणी एप्रिल-मेमध्ये कुठून आणणार, ते नकाशा काढण्यापूर्वी ठरवा. बोअरच्या भरवशावर राहू नका. अग्निशमनाची व्यवस्थाही आराखड्यातच घ्या. २००६ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ती यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. नंतर जिना रुंद करता येत नाही. खोल्या मात्र अशा बांधा की मजल्याचे दोन स्वतंत्र फ्लॅट करता येतील. विद्यार्थी घटले तर कुटुंबांना भाड्याने देता येईल.

पेठेतला

वरचा सूर जरा जास्तच निराशेचा झाला आहे, असे मला वाटते. सदाशिव पेठेत आमचा वडिलोपार्जित जुना फ्लॅट आहे आणि तो स्पर्धा परीक्षेच्या मुलांमुळे क्वचितच रिकामा राहतो. ही मुले कॉलेजच्या वेळापत्रकावर चालत नाहीत आणि दिवसभर अभ्यासिकेत असल्याने घराची झीजही कमी होते. जागेची किंमत वाढते ती वेगळीच. अर्थात आज बाजारभावाने तोच फ्लॅट विकत घेऊन हे गणित जुळणार नाही, एवढे मान्य आहे.

जमाखर्च

किंमत वाढली तरी विकताना १२.५ टक्के भांडवली नफा कर आहे आणि जुलै २०२४ नंतर घेतलेल्या जागेला महागाई निर्देशांकाचा (म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याचा) लाभ नाही, हेही पेठेतल्यांनी धरावे. ज्यांना इमारतींतच पैसे ठेवायचे आहेत, त्यांच्यासाठी सेबीने मार्च २०२४ मध्ये छोट्या रीटची (अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणाऱ्या न्यासांची) वाट मोकळी केली असून किमान गुंतवणूक १० लाख रुपये आहे. आजवर त्यात प्रामुख्याने कार्यालयीन इमारतीच आल्या आहेत, विद्यार्थी निवास नाही.

अंबाजोगाईकर

सर्वांचे मनापासून आभार. हमी भाड्याच्या खोलीसाठी भरायची टोकन रक्कम आम्ही थांबवली आहे आणि नऱ्ह्याचा विचारही सोडला आहे. यजमानांचा कल असा आहे की ३० लाख बचत योजनेत ठेवावेत आणि उरलेल्या रकमेत लातूरला कर्ज न काढता फक्त तळमजला बांधावा, म्हणजे दहा-बारा मुलींची सोय होईल. गंजगोलाई यांना विचारायचे होते की, एवढ्या कमी मुलींवर रेक्टर आणि रात्रीचा वॉचमन यांचा पगार निघतो का, की शेजारच्या एखाद्या वसतिगृहाबरोबर ते वाटून घेण्याची पद्धत तिकडे आहे? आणि नंतर वरचा मजला चढवायचा झाल्यास तळमजल्यावर मुली राहत असताना काम करण्यास परवानगी मिळते का?