आरएक्स १००: डावीकडचा स्विच भलत्याच गाडीचा

१९९४ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल घेतलीय. आधीच्या मालकाने डाव्या हँडलला दुसऱ्याच गाडीचा स्विच बसवलाय. इंडिकेटर चालतात, पण हॉर्न दाबला की फ्यूज उडतो. तीन उडाले. स्विचच्या आतल्या धातूच्या पट्ट्या बदलू का?

— पट्ट्यांना हात लावू नका. या गाडीत हॉर्नला करंट तपकिरी वायरने थेट जातो, बटण फक्त गुलाबी वायरला अर्थिंग देतं, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडतं. काही गाड्यांत उलट असतं. कुणीतरी तपकिरी बटणाला जोडली असणार.

— अगदी तसंच! वर टेपऐवजी चक्क जखमेची पट्टी. गुलाबी जोडली, हॉर्न वाजला. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

— तरी आरएक्सचाच स्विच शोधा, रंगाला रंग जुळतो: गडद हिरवी उजवा इंडिकेटर, चॉकलेटी डावा. आणि फ्यूजच्या जागी तार घालू नका. मी अख्खं वायरिंग जाळलंय.