पार्ले टिळक: बोर्डात न आलेल्यांनी लिहा

पार्ले टिळक विद्यालयाचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास येतात: पु. ल. देशपांडे इथलेच, आणि बोर्डाची गुणवत्ता यादी. दोन्ही खरं. पण पु.लं.वर बोलायला अख्खा महाराष्ट्र आहे आणि बोर्डात आलेल्यांचे पेढे कधीच खाऊन झाले. हा धागा उरलेल्यांसाठी.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० ला गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ही शाळा निघाली. तेव्हा पार्लं मुंबई महापालिकेत नव्हतंच, ते आलं १९५० मध्ये. लोकलने कचेरीत जाणाऱ्यांची ही वस्ती. पोरांच्या शिक्षणासाठी शहराच्या तोंडाकडे बघत बसली नाही. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघही उभा राहिला. ज्याला लोक 'पार्लेकरपणा' म्हणतात तो माझ्या मते या दोन आवारांत मुरला. बाहेरच्यांना तो शिष्टपणा वाटतो. थोडा आहेच.

बॅच सांगा, नाव नको.

१९७५, पहिली दहावी
आमच्या वर्षी राज्यात जुनी अकरावी आणि नवी दहावी एकदमच सुटली. ताई अकरावीला, मी दहावीला. माझ्याहून वर्षाने मोठी, पण मॅट्रिक दोघींचं एकाच मार्चमध्ये! घरात टेबल एक. ती रात्री बसायची, मी पहाटे चारला. मधल्या वेळात आई त्यावर पोळ्या लाटायची, त्यामुळे माझ्या भूमितीच्या वहीला कायम पीठ. आमची पुस्तकं नवी, तिची जुनी, म्हणजे तिच्या नोट्सचा मला काडीचा उपयोग नाही. पेढे मात्र बाबांनी एकदाच वाटले. "दोघींचे मिळून" म्हणाले. ताई अजून ऐकवते की तिचं एक वर्ष सरकारने फुकट घेतलं.

१९९४
मी मरोळहून यायचो. वारा फिरला की पार्ले बिस्किटच्या कारखान्याचा वास थेट वर्गात. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला तो आला की संपलंच, व्याकरण कसलं डोक्यात जातंय! डब्यात पोळी-भाजी आणि नाकात ग्लुकोज. वरून विमान गेलं की बाई वाक्य अर्ध्यावर थांबवायच्या आणि आवाज विरला की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू. कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. परवा स्टेशनला उतरलो, सवयीने श्वास ओढून घेतला. रिक्षाचा धूर मिळाला.

१९८८
१ ऑगस्टचं वक्तृत्व. शेंगा, टरफलं, शेंगा, टरफलं. मी सातवा बोललो. परीक्षक बिचारे डोळे मिटून बसले होते.

२००३, सध्या डोंबिवली
नातेवाईकांचा छळ कुणी लिहिला नाही अजून? "पार्ले टिळकची ना? मग कितवी आलीस?" मला बासष्ट टक्के होते. लग्नाच्या बघण्यातसुद्धा हा प्रश्न आला. आज मी डबल एंट्री बघून हिशेबातली चूक पकडते, पण ती गुणवत्ता कुठल्या यादीत लावतात ठाऊक नाही.
आता आमची बॅच पार्ल्यात जवळपास नाहीच. चाळी आणि बंगल्या पाडून टॉवर झाले, भाऊ-भाऊ वेगळे झाले, कुणी बोरिवली, कुणी बदलापूर, कुणी न्यू जर्सी. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. राजकारण बंद, गुड मॉर्निंग बंद, तरी भांडणं होतात, विषय बहुतेक शुद्धलेखन.

शाळेची नाही, सून आहे
चालेल ना? सासरे, नवरा, दोन्ही दीर टिळकचे. मी गिरगावची. जेवताना कुठल्या सरांनी कुणाला कोंबडा केलं ते इतक्यांदा ऐकलंय की आता चुकलं तर मीच दुरुस्त करते. मुलीला मराठी माध्यमात घालायचं ठरलं तेव्हा मात्र हीच मंडळी गप्प. "बघा बाई, पुढे अवघड जाईल," असं सासरे म्हणाले, तेही मराठीतच. मी घातलं. आत्ता तिसरीत आहे आणि पाढे आजोबाच घेतात.

१९९४ (पुन्हा मीच)
वरच्या डोंबिवलीकर ताई, तुमच्या ग्रुपवर 'बंगल्या' चालतं? आमच्याकडे यावर दोन दिवस गेले असते.