मदत हवी आहे: कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या सुट्या भागांवर नंबर का मारत?

नमस्कार मंडळी,

एकाच मापाचे सुटे भाग यंत्रावर बनवायची पद्धत अमेरिकेत कशी रुजली, यावर लेख लिहिते आहे. रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या सॅम्युएल कोल्टच्या कंपनीपाशी येऊन गाडी अडली आहे.

सुरुवातीचा इतिहास जुळला आहे. १८३६ चं पेटंट, न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा कारखाना, १८४२ मध्ये तो बुडाला. १८४७ मध्ये मेक्सिको युद्धासाठी अमेरिकी सैन्यातल्या कॅप्टन वॉकरमुळे १,००० रिव्हॉल्व्हरची सरकारी ऑर्डर आली, तेव्हा कोल्टकडे स्वतःचा कारखानाच नव्हता. एली व्हिटनी ज्युनियरच्या बंदुकांच्या कारखान्यात माल बनवून घेतला. मग कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला स्वतःचा कारखाना. तिथे १८४९ मध्ये एलिशा रूट आला. तो आधी कुऱ्हाडी बनवणाऱ्या कॉलिन्स कंपनीत होता. माझ्या मते कंपनीचा खरा कर्ता हाच. ड्रॉप हॅमर (वरून पडून धातूला आकार देणारा घण), मिलिंग मशीन (फिरत्या पात्यानं धातू कापणारं यंत्र), जिग आणि फिक्श्चर (भाग ठरलेल्या जागी पकडणारे साचे), गेज (माप तपासायचं साधन) ही सगळी घडी त्यानं बसवली. फ्रान्सिस प्रॅट आणि एमॉस व्हिटनी हे दोघंही इथेच काम केलेले. आज विमानाच्या इंजिनांवर दिसणारं नाव त्यांचंच!

आता अडचण. कोल्टचे भाग एकमेकांच्या जागी बसतात असा मोठा बोलबाला होता. पण त्या काळच्या रिव्हॉल्व्हरची नळी, सांगाडा, सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग), ट्रिगर गार्ड (चापाभोवतीचं कडं), सगळ्यांवर एकच नंबर ठोकलेला असतो. म्हणजे भाग मऊ असताना कानस मारून एकमेकांत बसवायचे, नंबर मारायचे, खोलून कडक करायचे आणि नंबर बघून पुन्हा जोडायचे. उलट स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातल्या १८४२ च्या मॉडेलच्या मस्केटचे (सैनिकांच्या लांब नळीच्या बंदुकीचे) भाग खरोखर अदलाबदल करता येत.

टूलरूममध्ये किंवा हीट ट्रीटमेंटमध्ये (धातू तापवून कडक करण्याच्या कामात) काम केलेल्यांना विचारायचं आहे: कडक करताना भाग वाकतो, तेवढ्यानंच हे होत असेल का? तसं असेल तर मस्केटच्या चापाचे भागही कडक करतातच की. माझा अंदाज वेगळा आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा ओढला की सिलिंडर फिरून गोळीचं प्रत्येक घर नळीसमोर नेमकं थांबावं लागतं. तीन-चार भागांची बारीक चूक तिथे एकत्र येते. मस्केटला ही भानगड नाही. हे पटतं का? कडक झालेला भाग घासून मापात न आणता (म्हणजे ग्राइंडिंग न करता) यावर दुसरा उपाय होता का?

दुसरी विनंती कनेक्टिकटमधल्या मराठी मंडळींना. हार्टफर्डच्या म्युझियम ऑफ कनेक्टिकट हिस्टरीत कोल्टचा संग्रह आहे. कुणी जाणार असेल तर १८५१ च्या नेव्ही मॉडेलवरचे नंबर दिसतील असे जवळून फोटो काढून इथे टाकाल का?

१८६४ ची आग, एलिझाबेथ कोल्टनं पुन्हा उभारलेला कारखाना, एम-१६ रायफल, २०२१ मध्ये चेक कंपनीनं केलेली खरेदी, याची माहिती माझ्याकडे आहे. मला १८४९ ते १८६२ एवढंच हवं आहे.