मतं ‘वाटायची’ की ‘सामायिक’ करायची?

रेघोटी
अडलंय. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर वाचनालय आहे, म्हणजे दोन कपाटं आणि एक लांब बाक. रविवारी सकाळी तिथे आठ-दहा जण जमतात. कुणी कुंडीतली मिरची कशी जगवली ते सांगतं, कुणी विविध भारतीवर काल लागलेलं गाणं गुणगुणतं, कुणी नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाला नावं ठेवतं. या जमण्याची पाटी करायची आहे. मजकूर समितीने इंग्रजीत ठरवला (ठरवायचं म्हटलं की आमची समिती इंग्रजीत जाते) आणि मराठी करायला माझ्याकडे आला. त्यातल्या ‘शेअर’पाशी अडलंय. मी लिहिलं, ‘आपल्या आवडीनिवडी व मते इतरांबरोबर वाटा’. सासूबाईंनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाल्या, “मतं वाटायला निवडणूक लागलीय का? आणि कशावर वाटायची, पाट्यावर की मिक्सरमध्ये?” मग ‘सामायिक करा’ केलं, तर नवरा म्हणे जमिनीच्या दाव्यासारखं दिसतंय. पाटी रंगवणारा गुरुवारी येणार आहे. सुचवा.

खलबत्ता
सासूबाईंना नमस्कार सांगा. ‘वाटणे’ तीन आहेत. मला वाटतं ते एक, मी पेढे वाटतो ते दुसरं, मी खोबरं-लसूण वाटते ते तिसरं. पहिलं ‘मला’ घेऊन येतं म्हणून ओळखू येतं. उरलेल्या दोघांत फरक फक्त समोर काय ठेवलंय यावरून कळतो. पेढे ठेवले तर वाटप, खोबरं ठेवलं तर वाटण. मत ठेवलं तर काय होतं ते आपल्याला माहीत नाही, म्हणून हसू येतं. माझी आपली अटकळ अशी की दळण्या-वाटण्यातलं ‘वाटणे’ हे गोल फिरण्याशी, ‘वर्त’शी नातं सांगणारं असावं.

गवतीचहा
वरवंटा गोल कुठे फिरतो? पुढे-मागे जातो. गोल जातं फिरतं.

खलबत्ता
कधी पाट्यावर वाटलंयत का? मनगट वळतं शेवटाला. माझी आई ओल्या खोबऱ्याचं वाटण करायची तेव्हा पाट्याच्या कडेला अर्धचंद्र उमटायचा.

मांदेली
‘वाटा’ लिहूच नका, आमच्याकडे लोक पिशवी घेऊन येतील. बाजारात कोळणीसमोर करंदीचे, मांदेलीचे ढीग लावलेले असतात, त्याला वाटाच म्हणतात. “वाटा कसा दिला?” असं विचारायचं, मग ती दोन मांदेल्या वर टाकते. ‘मते वाटा’ वाचून माझ्या डोळ्यासमोर तेच आलं, शंभरला एक वाटा, वर दोन मतं फुकट.

सातबारा
‘सामायिक’बद्दल नवरा बरोबर आहे. मूळ शब्द काहीही असो, आमच्या कागदात आणि तोंडात तो ‘सामाईक’ आहे आणि तो आनंदाचा शब्द नाही. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक रस्ता. उताऱ्यावर हा शब्द दिसला की चुलते एकमेकांशी बोलत नाहीत असं समजावं. आमच्या विहिरीत आमचा चार आणे हिस्सा आहे. म्हणजे काय, तर पाण्याची पाळी. मोटर लावायचे वार ठरलेले. माझ्या वाट्याला आलेल्या वारी वीज रात्री येते, हा माझ्या पणजोबांचा दोष. हे असलं सगळं ज्या शब्दाला चिकटलंय तो शब्द फुलझाडांच्या गप्पांच्या पाटीवर? राहू द्या.

समभाव
आणखी एक अडचण सांगतो. आमच्या जैन घरात ‘सामायिक’ रोजचा शब्द आहे. दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं, एका जागी आसन घालून समभावात बसायचं. आजी वाळूची घटिका उलटी करून ठेवायची आणि ती सामायिकात असेपर्यंत दारावरची बेल वाजली की आम्ही धावत जाऊन दार उघडायचो, पुन्हा वाजू नये म्हणून. तेव्हा ‘आपली मते सामायिक करा’ असं मोबाईलवर आलं की माझ्या मनात पहिल्यांदा हेच येतं, की मतं बाजूला ठेवा आणि 48 मिनिटं गप्प बसा. सूचना वाईट नाही.

रेघोटी
समभाव, 😄 आमच्या रविवारला याचीच गरज आहे. पण पाटी?

उजळणी
मसावि-लसावि आठवा. आमच्या पुस्तकात ‘महत्तम साधारण विभाजक’ होतं, मुलीच्या पुस्तकात ‘सामाईक’ आहे. म्हणजे ‘साधारण’चा अर्थ घसरून ‘बेताचा’ झाला तेव्हा त्याच्या जागी सामाईक आणून बसवला. आता तोही घसरतोय.

जुनीपेटी
हे सगळे शब्द तुम्हाला हास्यास्पद वाटतात कारण तुम्ही ते वापरत नाही. ‘दिनांक’, ‘महापौर’ सावरकरांनी रुळवले तेव्हाही लोक असेच हसले असतील. त्याआधी शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, तो काय हौस म्हणून? ‘सामायिक करणे’ दहा वर्षं नेटाने वापरा, विहीर विसराल.

सातबारा
महापौर मान्य. पण दिनांक अर्जावर. कोर्टात तारीख पडते, दिनांक पडत नाही. आणि विहीर विसरायची तर आधी दावा निकाली काढून द्या.

चौथीसीट
एवढा काथ्याकूट कशाला, ‘शेअर करा’ लिहा. रोज स्टेशनला शेअर रिक्षाने जातो. तिथे उभं राहून “सामायिक रिक्षा!” ओरडून बघा. मुंबईच्या कापसाच्या पैशाने 1860 नंतर शेअरची हाव सुटली आणि 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध (ज्यामुळे तिथला कापूस अडून आपला महागला होता) संपताच सगळं कोसळलं. शेअरबाजारात हात पोळून घेऊन आपल्याला दीडशेच्या वर वर्षं झाली, आणि शब्द अजून परका?

जुनीपेटी
तो शेअर म्हणजे भाग, नाम. ‘शेअर करणे’ हे क्रियापद मोबाईलबरोबर आलं. दोन्ही एक करू नका. आणि रिक्षावाल्याने वापरला म्हणून शब्द पाटीवर जातो असं नाही.

चौथीसीट
रिक्षावाल्याने वापरला म्हणूनच जातो. ‘रिक्षा’ हा शब्द कुठल्या राज्यव्यवहारकोशात होता?

ओसरी
भांडा सावकाश. मला एक आठवलं. आपल्याकडे देण्याला चक्क ‘लुटणे’ म्हणतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटायचं. कुणी कुणाचं ओरबाडत नाही, उलट आपण होऊन देतो. दसऱ्याला सोनं लुटतात तेही तसंच, आपट्याचं पान एकमेकांच्या हातात ठेवायचं. एका वर्षी आमच्या चाळीत वाण म्हणून चहाची गाळणी होती. बावीस बायका, बावीस गाळण्या, आणि आईला इतर घरांतून आलेल्या आणखी सहा. त्यातली एक अजून माझ्याकडे आहे, जाळी उसवलीय. तर, ‘मतं लुटा’?

नादखुळा
‘आवडीनिवडी’ तरी कशाला? आम्ही कोल्हापूरकडे नाद म्हणतो. ‘तुमचा नाद काय?’ एका ओळीत पाटी झाली.

गवतीचहा
आमच्या घरात नाद म्हटलं की त्याच्यामागे विकलेली जमीन येते. पणजोबांचा बैलांचा, आजोबांचा तमाशाचा. ‘छंद’ म्हणा, सोवळा आहे.

कोपऱ्यातलीखुर्ची
मला एक साधी गोष्ट म्हणायची आहे. मराठीत मत मांडतात. आवड सांगतात. दुःख वाटून घेतात, आनंद वाटतात, विचारांची देवाणघेवाण करतात, अनुभव सांगतात, गुपित फोडतात, डबा उघडून मध्ये ठेवतात. इंग्रजीला या सगळ्याला एकच क्रियापद पुरतं. मराठीतही एकच हवं हा हट्ट कुणाचा? वाक्य तोडा, प्रत्येकाला त्याचं त्याचं द्या.

ओसरी
डबा मध्ये ठेवण्यावरून आठवलं, शाळेत पेरू किंवा कैरी वाटून घ्यायची तर उष्टं चालायचं नाही, मग चिमणीच्या दातांनी तोडायची. फ्रॉकचा कोपरा कैरीवर घट्ट धरायचा आणि वरून चावायचं. तुकडा कापडातून निघायचा, तोंड लागायचं नाही. फ्रॉकवर पिवळट डाग राहायचा, तो धुण्याने जात नसे आणि घरी सगळं कळायचं. याला एक शब्द आहे का, नुसतं चिमणीच्या दातांनी खाणं यापलीकडे?

खलबत्ता
आम्ही रुमाल वापरायचो.

मांदेली
रुमाल कुणाकडे असायचा? शर्टाचं टोक.

उजळणी
आणि चिमणीच का? चिमणीला दात नसतात.

गवतीचहा
म्हणूनच! दातच नाहीत तर उष्टं कुठून होणार? अख्खा वाक्प्रचार त्यावर उभा आहे.

खलबत्ता
हे पटलं नाही. लहान तुकडा म्हणून चिमणी. ‘चिमणीएवढं जेवते’ म्हणतो तसं. ‘चिमणा’ म्हणजे लहान, पक्षी नंतर आला असेल.

जुनीपेटी
पक्षी नंतर आला? चिमणा-चिमणी हे पक्ष्याचंच नाव, त्यावरून लहान मुलाला चिमणा.

खलबत्ता
आधी कुठलं ते सांगा, पुराव्यासकट. तोवर माझं मत मी मांडलंय. वाटलेलं नाही.

रेघोटी
गुरुवार झाला. मी ऑफिसात असताना रंगवणारा येऊन गेला, सेक्रेटरी काकांनी मजकूर स्वतःच दिला: ‘येथे दर रविवारी गप्पा. चहा आपापला आणावा.’ सासूबाई म्हणाल्या, चला, चहा तरी सामाईक नाही. ओसरी, आमच्याकडे फ्रॉक नव्हता, परकर होता. डाग मात्र तसाच.

ओसरी
परकराला काठ असतो, काठावरून चावलं तर डाग दिसत नाही. तुम्ही मधल्या भागाने धरत होतात का?