रस्त्याकडच्या शेवंतीला कळी का नाही

दादा, मिरज रस्त्यालगतच्या चार ओळी नुसत्या वाढतायत, आतल्या मात्र कळ्यांनी भरल्यात, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या एका उत्तरात पोटॅश वाढवायचा सल्ला आलाय, पण तो खर्च कृपा करून करू नका. खत सगळ्या ओळींना सारखंच गेलंय. कारण खांबावरचा दिवा आहे.

शेवंती मोजते ती सलग अंधार; रात्र पुरेशी लांब वाटली तरच ती कळी धरते. पानातलं फायटोक्रोम, म्हणजे उजेड ओळखणारं रंगद्रव्य, तांबड्या उजेडात जागं होतं, अंधारात हळूहळू निवतं. मध्येच उजेड पडला की रोपाला रात्र लहान वाटते आणि ते नुसतं वाढत राहतं. पॉलिहाऊसवाले हेच मुद्दाम करतात: रोप फूटभर होईस्तोवर रात्री १० ते २ दिवे लावतात.

दिव्याला शेताच्या बाजूने पत्र्याची झापड बसवून घ्या. नाहीच जमलं तर संध्याकाळी ६ ते सकाळी ७ त्या ओळींवर काळं जाड कापड टाका, रोज, कळीला रंग दिसेपर्यंत. आत पेपर वाचता येत असेल तर कापड पातळ आहे. सुरुवातीच्या रात्री चुकवल्या तर कळी अर्धवट अडते. उन्हं असताना झाकू नका, आत उष्णता कोंडते आणि तिनेही कळी यायला उशीर होतो. साधारण ३ आठवड्यांत शेंड्यावर बारीक कळी दिसू लागेल.