१४ महिन्यांपासून स्ट्रेटनिंग बंद केलं, वर लाटा आणि खाली सरळ शेपूट, आता पुढे काय करू? (नागपूर)

मानेवाडा_वेव्ही ने विचारलं:

नमस्कार सगळ्यांना. पोस्ट लांब होणार आहे पण अर्धवट सांगितलं तर कोणाला नीट सांगता येणार नाही म्हणून सगळंच लिहून राहिली आहे.

मी २८ वर्षांची, मानेवाड्याकडे राहते. लहानपणी माझे केस वेव्ही होते, पूर्ण कुरळे नाही पण पाठीवर छान लाट यायची, पावसाळ्यात तर जास्तच. घरात बाकी सगळ्यांचे सरळ, त्यामुळे माझ्या केसांना घरी एकच शब्द होता, झिपऱ्या. अकरावीत प्रेसिंगची मशीन घेतली आणि रोज कॉलेजला जायच्या आधी २३० डिग्रीवर ठेवून फिरवायची, कधी कधी केस ओलसर असतानाच, चर्र आवाज यायचा तरी फिरवायची. मग डिग्रीच्या शेवटच्या वर्षी रिबाँडिंग (क्रीम आणि मशीनने केस कायमचे सरळ करणं) केलं, मग दर सात-आठ महिन्यांनी मुळांचं टचअप, मधे केराटिन (काही महिने केस सरळ, गुळगुळीत ठेवणारी पार्लरची ट्रीटमेंट). शेवटच्या वेळी टचअप आणि त्याच महिन्यात वरून केराटिन केलं तेव्हा मशीन फिरवताना इतका धूर झाला की डोळ्यातून पाणी थांबेना आणि घसा दोन दिवस जळजळत होता. तिथून घरी आल्यावर ठरवलं की आता बस.

त्याला १४ महिने झाले. आता वरचे वीतभर केस माझे स्वतःचे आलेत, लाट आहे, हात फिरवला की वेगळंच जाणवतं, खरंच आनंद होतो. पण त्याच्या खाली कमरेपर्यंत सरळ, पातळ, झाडूसारखे. जिथे दोन्ही भेटतात तिथे विंचरताना तुटतात. आई रोज म्हणते की बाप्पा हे काय करून ठेवलं, एकदा जाऊन सरळ करून ये. डिसेंबरमधे भावाचं लग्न आहे, तेव्हा तर सगळे बोलणार.

खालचे केस कशाने तरी परत वेव्ही होतात का? एका पार्लरमधे मला कर्ल परत आणायची ट्रीटमेंट सांगितली, आणि ती नको असेल तर पर्मिंग, म्हणजे क्रीमने केस कुरळे करणं. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्याने फरक पडतो का? आणि रोज गाडीवर स्कार्फ आणि हेल्मेट, त्यात लाट टिकवायची कशी? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

बेसाची_ताई ने लिहिलं:

अगं मी गेली आहे यातून, पूर्ण अडीच वर्षं लागली मला. तुझं वाचताना माझंच वाचून राहिली असं वाटलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगते कारण मी त्यातच सगळ्यात जास्त पैसे घातले. रिबाँडिंग झालेला केस परत वेव्ही होत नाही. मास्क, सीरम, अंडं, केळं, स्पा, सगळं केलं मी. मऊ होतो, चमकतो, पण लाट येत नाही ती नाहीच येत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटीमीटर, तुझे वीतभर आलेत ते त्या हिशोबाने बरोबर आहेत. एकदम कापायची हिंमत नव्हती म्हणून मी दर दोन-अडीच महिन्यांनी दोन इंच कापत गेली, आणि तुला खरं सांगते, प्रत्येक वेळी कापल्यावर वरची लाट आणखी उठून यायची कारण खालचं वजन कमी व्हायचं. वेव्ही केसाला वजन सहन होत नाही, कुरळ्या केसाची स्प्रिंग घट्ट असते, आपली लाट सैल असते, थोडं ओढलं की सरळ.

आणि म्हणूनच नेटवर कुरळ्या केसांचं जे सांगतात ते जसंच्या तसं करू नकोस. मी सहा महिने जाड क्रीम आणि शिया बटर चोपडत होती आणि केस तेलकट, चपटे, मला वाटायचं माझ्या केसांत लाटच उरली नाही. शाम्पू पूर्ण सोडायचं पण ऐकू नकोस. आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पू, कंडिशनर फक्त मधून खाली, मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता तेव्हाच काढायचा, केसात कंडिशनर असताना. कोरडे केस विंचरणं पूर्ण बंद. आपल्या आयांना हे पटत नाही, पण कोरडी लाट विंचरली की तिचा भुगाच होतो, त्यालाच आपण झिपऱ्या म्हणत आलो.

मग टॉवेलने घासायचं नाही, जुना कॉटनचा टीशर्ट घ्यायचा. केस चांगले ओले असतानाच, म्हणजे पाणी टपकत असताना, हलकं जेल हातावर पसरून खाली वाकून मुठीने केस खालून वर दाबायचे. वाळल्यावर केस कडक लागतात, घाबरू नकोस, पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, मग पुन्हा तसंच मुठीने दाबलं की कडकपणा मोडतो आणि लाट राहते. मला हे जमायला तीन महिने लागले.

पाण्याचं: हो, फरक पडतो. तुझ्या कूलरच्या जाळीवर उन्हाळ्यात पांढरा थर बसतो नं, गीझरच्या कॉइलवर बसतो, तेच क्षार केसावर बसतात. आमच्याकडे पण बोअर. महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षार धरून काढणारा घटक) असलेला क्लॅरिफाइंग शाम्पू वापरते, बाटलीमागची यादी वाचून घ्यायची, त्याने तो थर निघतो. आणि शेवटचे दोन मग नळाच्या पाण्याचे, कॉर्पोरेशनचं पाणी बोअरपेक्षा खूप बरं. एक चूक मात्र मी केली ती तू करू नको, आरओचं जे वाया जाणारं पाणी आपण बादलीत साठवतो त्याने मी केस धुवायची, पाणी वाचतं म्हणून. ते तर बोअरपेक्षाही जड असतं, आरओने काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. ते फरशीला वापर.

कात्री_कंगवा ने लिहिलं:

मी १६ वर्षांपासून केस कापतो, सध्या धरमपेठेत. रिबाँडिंग मी पण शेकडो केली आहेत, म्हणून हे लिहितोय.

केसाच्या आत दोन प्रकारचे बंध समजून घ्या. एक हायड्रोजनचे, ते पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा बसतात. प्रेसिंग त्यावरच चालतं, म्हणून आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीच्या कोरड्या हवेत प्रेस केलेले केस दिवसभर राहतात आणि जुलैमधे घरातून निघून बर्डीला (सीताबर्डी बाजारात) पोचेपर्यंत फुगतात. दुसरे गंधकाचे, डायसल्फाइड. रिबाँडिंगच्या पहिल्या क्रीमने ते तोडतात, मशीनने केस सरळ करतात आणि दुसऱ्या क्रीमने त्याच सरळ आकारात पुन्हा जोडतात. तो आकार कायमचा. मुळातून येणारा नवीन केस मात्र तुमचा तुम्हाला मिळतो, कारण केसाचा आकार त्वचेच्या आत मुळाशीच ठरतो आणि तिथपर्यंत क्रीम जात नाही.

केराटिन वेगळं, ते तीन ते सहा महिन्यांत धुऊन जातं. पण त्यासोबत जी २३० ची मशीन सात-आठ वेळा एकेका बटेवर फिरवतात तिने झालेलं नुकसान धुऊन जात नाही. आणि ताई, तुमच्या डोळ्यांना जे झालं त्याला हलकं घेऊ नका. बऱ्याच केराटिनमधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलेलं आहे. बाटलीवर फॉर्मल्डिहाइड फ्री लिहिलेलं असलं तरी मेथिलिन ग्लायकॉल लिहिलंय का बघा, ते तेच आहे पाण्यात मिसळलेलं. आम्ही तर दिवसभर त्याच धुरात उभे असायचो, माझ्यासोबतच्या एका मुलाला दम लागायला लागला तेव्हापासून मी ते काम घेणं सोडलं, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता पर्मिंग. कृपा करून करू नका. पर्मिंगमधेही तेच गंधकाचे बंध पुन्हा तोडावे लागतात. ज्या केसाचे बंध आधीच तुटलेत तो ते सहन करत नाही, ओला केला की रबरासारखा ताणतो आणि हातात येतो. मी हे पाहिलं आहे, त्या मुलीला नंतर कानापर्यंत कापावे लागले. आणि कर्ल परत आणायची ट्रीटमेंट म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा चांगला कंडिशनर असतो, हजारो रुपयांना.

कापायचं तर लेयरमधे कापून घ्या, पण ज्याला वेव्ही केस कोरडे असताना, लाट बघून कापता येतात त्याच्याकडे. ओले ताणून एका रेषेत कापले की वाळल्यावर कुठे वर कुठे खाली होतात. खुर्चीत बसायच्या आधीच सांगा की शेवटी प्रेस करून द्यायचं नाही, नाहीतर सवयीने मशीन फिरवतातच.

मानेवाडा_वेव्ही:

वाचून रडायला आलं पण बरं पण वाटलं, निदान आता मास्कवर पैसे घालणार नाही. आरओचं पाणी मी पण वापरत होती!! उद्यापासून बंद. जेल कोणतं घेऊ? बाहेरची जेल फार महाग आहेत.

जवस_घरचं ने लिहिलं:

जेल घरी कर, आपल्या विदर्भात जवसाला काय तोटा आहे. इतवारीत किराणा ओळीत नाहीतर गोकुळपेठ मार्केटमधे कुठेही मिळेल. चटणीला आणतो तेच जवस, फक्त न भाजलेले.

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर सतत हलवत आठ-दहा मिनिटं. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार खाली यायला लागली की लगेच बंद कर. गरम असतानाच गाळायचं, थांबलीस तर ते गाळणीतून उतरतच नाही, मी पहिल्या वेळी थंड होऊ दिलं आणि अख्खं पातेलं फेकावं लागलं. जुन्या ओढणीच्या तुकड्यातून पिळून काढ. फ्रिजमधे आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून दे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर तर एक दिवसही ठेवू नको.

एप्रिल-मे मधे ग्लिसरीन असलेली क्रीम टाळते मी. हवा इतकी कोरडी असते की केस आणखीच रखरखीत होतात, नवतपात (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) तर फक्त जेल आणि कूलरसमोर बसून वाळवणं. पावसाळ्यात जेल थोडं जास्त लागतं.

गाडीसाठी: केस पूर्ण वाळल्याशिवाय हेल्मेट घालायचं नाही, ओलसर केस दबले की तसेच बसतात. मी खाली मानेशी दोन सैल वेण्या घालते, त्यावर सॅटिनचा पातळ रुमाल, मग स्कार्फ, मग हेल्मेट. कॉटनचा स्कार्फ सरळ केसावर घासला की लाट विस्कटते. ऑफिसला पोचून वेण्या सोडायच्या, हात थोडा ओला करून मुठीने दाबायचं, झालं.

महालातल्या_काकू ने लिहिलं:

बेटा, मी तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून थोडं आईच्या बाजूने पण सांगते. आमच्या वेळी मुलीचे केस तेल लावून चापून वेणीत बसले नाहीत तर लोक आईला बोलायचे. तिला तुझे केस आवडत नाहीत असं नसेल, तुला कोणी बोलू नये असं वाटत असेल. माझ्या मुलीलाही मी झिपरी म्हणत आली आणि तिनेही तुझ्यासारखीच दहा वर्षं मशीन फिरवली, त्याचं मला आता फार वाईट वाटतं. तिने केस सोडले तेव्हा माझ्या सासूबाईंचा तरुणपणीचा फोटो काढून पाहिला, नऊवारीत, कपाळावर अगदी तशीच लाट. तुझ्याही घरी आजी-पणजीचे फोटो असतील तर आईसोबत बसून बघ.

तेलाचं म्हणशील तर नारळाचं तेल धुवायच्या आधी लाव, धुतल्यावर नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं, यावर २००३ मधे अभ्यास झालेला आहे, माझी मुलगी फार्मसीची आहे तिने सांगितलं. रात्रभर ठेवायची गरज नाही, तासभर पुरे, आणि अगदी थोडं. लिंबू आणि खायचा सोडा केसाला लावू नको, आमच्याकडे कोंड्यासाठी लावायचे, केस राठ होतात. शिकेकाई चालते पण कोरडी पडते, नंतर कंडिशनर घेच.

आणि केस मधेच न तुटता मुळापासून भरपूर जात असतील, पांढरं टोक दिसत असेल, तर तेल-जेलवर थांबू नको. मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी दवाखान्यांच्या स्किन ओपीडीत दाखव, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे.

बेसाची_ताई:

काकू किती छान लिहिलं तुम्ही.

लग्नाचं राहिलंच. कात्रीवाल्या दादांनी हायड्रोजनचं सांगितलं नं, त्याचाच उपयोग कर. आदल्या रात्री केस ऐंशी टक्के वाळले की जेलचा हलका हात लावून चार-पाच सैल वेण्या घाल, वेणी जिथून तुझी लाट संपते तिथून सुरू कर, मुळापासून नको. पूर्ण वाळल्यावरच सोडायच्या. खालचे सरळ केस एक दिवस वरच्या लाटेसारखे दिसतात, माझ्या नणंदेच्या लग्नात मी हेच केलं, कोणाला जोड कळली नाही. फक्त हळदीला धुतले की जाईल, मग पुन्हा घालाव्या लागतील. डिसेंबरमधे आपल्याकडे हवा कोरडी असते, त्यामुळे टिकतं चांगलं. आधी दोन-तीनदा घरी करून बघ.

मानेवाडा_वेव्ही:

अपडेट देते. रविवारी जाऊन चार इंच कापून आली, कोरडे असतानाच कापून घेतले आणि प्रेस करू दिलं नाही. आता केस कमरेच्या थोडे वर आलेत. लग्नापर्यंत अजून दोनदा कापेन.

काल जवसाचं जेल केलं, पहिलं फार घट्ट झालं, दुसरं जमलं. आईच हलवत होती गॅसजवळ उभी राहून. आजीचा फोटो मिळाला नाही पण आई म्हणाली की आजी पावसाळ्यात केस सोडायचीच नाही, घट्ट अंबाडाच असायचा, का ते आता कळलं तिला. मग वाळल्यावर तिने माझ्या मागच्या केसांना हात लावून पाहिला आणि विचारलं की हे न विंचरता असंच राहतं का. म्हटलं हो. उद्या सकाळी परत दाखव म्हणाली.

वेण्यांचं या शनिवारी करून बघते. सॅटिनचा रुमाल कुठे मिळेल, बर्डीत की शिवून घेऊ?